तांडा नंबर सात

सरकारनं सहा आकड्यांचा पिनकोड आणला तेव्हा दिग्रसच्या पोस्टात तक्ता बघायला ही गर्दी! पहिला आकडा विभागाचा, शेवटचे तीन पोस्टाचे, असं कुणीतरी मोठ्यानं समजावत होतं. मला हसू आवरेना. आमच्या तांड्याला नंबर त्याच्या दहा-बारा वर्षं आधीच लागला होता, आणि तो मी लावला होता.

महाराष्ट्र नुकताच झाला होता. सातवी पास झालेली तांड्यातली पहिली पोरगी मी. मास्तरीणच व्हायचं म्हणून ट्रेनिंगचा अर्ज भरला. आमच्या बंजारा लोकांत तांडा, म्हणजे वस्ती, ओळखतात नायकाच्या नावानं. जुना नायक वारला होता आणि तो मान माझ्या बापूकडे आला होता. मी ऐटीत पत्त्यात बापूच्या नावाचा तांडा लिहिला. पोस्टाला तो ठाऊकच नव्हता! त्याच नावाचा दुसरा नायक महागावकडे होता. मुलाखतीचं पत्र तिकडे गेलं, चार बाजार फिरलं आणि माझ्या हाती आलं तेव्हा तारीख उलटून गेली होती. मी ढसाढसा रडले. बापू म्हणाला, "पुढच्या साली बी नाई आलं, त लगीन करून टाकू."

बाजाराच्या दिवशी मी तडक पोस्टात गेले. टपाल निवडणारे बाबू चष्म्यावरून बघत म्हणाले, "तुमचा नायक बदलला का तांड्याचं नाव बदलते. आमी कितीक ध्यानात ठेवावं, बाई?"

"तुमचा पोस्टमास्तर बदलला त पोस्टाचं नाव बदलते काय?" मी डाफरले.

"नाई ना! तुमचंच बदलते. मंग आता तूच सांग, काय करू?"

बाबूंच्या मागे लाकडी खाने होते, खान्याखान्यावर गावाचं नाव. त्यांच्याकडे बघता बघता तोंडातून निघून गेलं, "तांड्यायले नंबर द्या. नायक मरते, नंबर मरत नाई."

बाबू हसले. मग कोरा कागद पुढे सरकवून म्हणाले, "आण लिहून."

मी दिग्रस पोस्टाखालचे सातही तांडे पायी हिंडले. बाप्पा, काय ती भांडणं! जो तो नायक एक नंबर मागायचा. मी कुणाचं ऐकलं नाही. दिग्रसहून निघालं की जो तांडा आधी लागेल तो एक. आमचा सर्वांत शेवटी, म्हणून सात. बापूचं तोंड उतरलं. "माह्या पोरीनंच माहं नाव पुसलं," म्हणाला आणि वावरात निघून गेला. वाईट वाटलं, पण सात काही मी खोडला नाही. बाबूंनी यादी खान्यांवर डकवली.

दुसऱ्या वर्षी अर्जावर लिहिलं, तांडा नंबर सात, पोस्ट दिग्रस, जिल्हा यवतमाळ. शाळेतले गुरुजी म्हणाले, "हा पत्ता हाय का कैद्याचा बिल्ला?" बोला म्हटलं, काय बोलायचं ते! पण आतून जीव टांगणीला लागला होता. इकडे माझी आई, माझी याडी, लग्नाच्या ओढणीला आरसे टाकायला बसली होती.

एका दुपारी मी वावरात निंदण करत होते. धुऱ्याच्या बांधावरून बापू ओरडत पळत आला आणि त्याच्यामागे सायकल ढकलत पोस्टमन. हा बाबा तोवर तांड्यात कधी फिरकलाच नव्हता, बाजारात जो भेटेल त्याच्या हाती पत्रं कोंबायचा.

बापूला अक्षरओळख नव्हती. पण जिनात, सरकी काढायच्या गिरणीत, कापसाच्या गाडीला नंबराची चिठ्ठी मिळे, त्यावरून आकडे त्याला पाठ होते. पाकिटावर बोट ठेवून तो ओरडला, "हे पाय बेटी, सात! आपला सात!"

मी पाकीट फोडलं. मुलाखतीला अजून आठ दिवस होते. मी खुरपं फेकलं आणि चिखलाच्या हातांनीच बापूला मिठी मारली.

घरी शिरताच बापू याडीला म्हणाला, "ओढणी पेटीत ठेव. मास्तरीणबाईले मोटारीवर बसवून द्यायचं हाय."