भट्टीला पांढरा नैवेद्य

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या. मागाहून ठसका लागून चहा अंगावर सांडला तर मला बोलू नका! कारण चांगली चालणारी भट्टी मी भर माणसांत, छाती पुढे काढून कशी बंद पाडली, ते सांगणार आहे.

डिचोलीजवळ आमचा छोटा कारखाना. तांब्याचं भंगार आणि तांबं असलेला गाळ वितळवून आम्ही तांबं काढतो. तांबं तळाशी बसतं, वर तरंगतो तो स्लॅग, म्हणजे कचरा. तो चिकट झाला की तांब्याचे थेंब त्यातच अडकतात आणि कचऱ्याबरोबर बाहेर जातात. मालकाचा जीव तिथेच जळतो.

मी तिथला इंजिनियर. यावर उपायही मीच काढला. मॅग्नेशियम ऑक्साइडची पांढरी पूड! थोडी घातली की स्लॅग पातळ होतो आणि तांबं सुटून खाली बसतं. शिवाय भट्टीच्या विटांतही हाच पदार्थ. स्लॅगचं पोट आधीच त्याने भरलं की तो विटा कमी खातो. मी करून दाखवलं आणि स्लॅग पेजेच्या निवळीसारखा वाहिला. मग काय विचारता? मी जमिनीवर चालायचंच सोडलं!

पुढे भट्टीला नव्या विटा बसवल्या. ती पेटवायच्या दिवशीच एक मोठं गिऱ्हाईक बघायला येणार होतं. आमच्या मालकांना सगळे पात्रांव म्हणतात. त्यांनी मला बाजूला घेतलं.

"आज स्लॅग बरो व्हांवलो जाल्यार भट्टीचो मॅनेजर तूं!"

घरी बायकोला मी हे मिळाल्यातच जमा म्हणून सांगूनही टाकलं.

आमचे फोरमन दत्ताबाब पेडण्याचे, भारी देवभोळे. त्यांनी विचारलं, "इंजिनियर, ही पूड चड घातली तर स्लॅग चड पातळ जातलो?"

"अर्थात! जितकी घालाल तितका पातळ!"

का बोललो मी असं? मॅनेजरची खुर्ची दिसत होती ना डोळ्यांसमोर!

भट्टी पेटली, माल वितळला. मोजून घ्यायची तेवढी पूड मी घातली. मग पूजा. नारळ फुटला आणि दत्ताबाबांनी जाहीर केलं, "देवाक नारळ, भट्टीक ही पूड! सगळ्यांनी आपापल्या हातान घाला रे!"

झालं! एकेक जण घमेलं घेऊन पुढे. कोल्हापूरचा सदा म्हणाला, "सायेब, पोरगी बारावीला हाय, तिच्या नावानं आणि एक!" पात्रांवांच्या बायकोने हळद-कुंकू वाहून एक घमेलं दिलं. पात्रांव तर पात्रांव, त्यांनी अख्खं पोतंच रिकामं केलं! आणि जो तो मला नमस्कार करून जात होता. अशा वेळी 'थांबा' म्हणवतं का हो? मी आपला आशीर्वाद देत उभा!

गिऱ्हाईक समोर आलं, स्लॅग बाहेर सोडायचं भोक उघडलं. स्लॅगची जाडजूड जीभ बाहेर आली आणि तिथेच थांबली.

पात्रांव माझ्याकडे बघायला लागले. "अरे, पातळ जाता म्हणिल्लें मरे तुवें?"

"कमी पडली असेल!" मी ठणकावून सांगितलं आणि स्वतःच्या हाताने आणखी एक घमेलं ओतलं.

आता ती जीभ दगड झाली. तेव्हा कुठे मला आठवलं, हे सगळं प्रमाणात असेल तोवरच! पूड जास्त झाली की स्लॅगमध्ये कठीण कण धरतात, तो वितळायला जास्त उष्णता मागतो, नाहीतर घट्ट होऊन बसतो. हे मी परीक्षेत लिहून मार्कसुद्धा मिळवले होते!

गिऱ्हाईक चहा न घेताच गेलं. मॅनेजरपणही त्याच्याच गाडीत बसून गेलं. भट्टी थंड करून आम्ही घणाने स्लॅग फोडला. विटांना मात्र ओरखडा नव्हता, म्हणजे माझं अर्धं म्हणणं खरं ठरलं की नाही?

भट्टी पुन्हा पेटवताना दत्ताबाबांनी गाऱ्हाणं घातलं. आमच्याकडे एकाने देवाला साकडं घालायचं, बाकीच्यांनी होकार द्यायचा. मी पुढेच उभा. हात जोडलेले, डोळे मिटलेले, मनात भट्टी पुढे कशी चालवायची याचे बेत.

"बा देवा म्हाराजा! ही भट्टी सांभाळ म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"स्लॅग पातळ व्हांवूं दी म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"आनी ह्या इंजिनियराक पुडीच्या पोत्यापासून पयस, धा हात लांब ठेव म्हाराजा!"

सगळे गप्प! पात्रांव समोर असताना कोण बोलणार? त्या शांततेत एकच आवाज खणखणीत घुमला, "व्हय म्हाराजा!"

डोळे उघडून बघतो तर सगळे माझ्याकडे बघत होते.