सुन्न तळवे

पायाला मुंग्या आल्या की आमच्या घरी म्हणत, झिनझिन्या आल्या. बायको हातातलं काम न सोडता सांगायची, "चाला दोन पावलं, जातीन." आणि त्या जात. झिनझिन्या म्हणजे पाय झोपलाय, हाक मारली तर उठेल. सुन्न हा शब्द आम्ही पायासाठी फारसा काढत नव्हतो. तो डोक्यासाठी होता, आणि माणूस गेल्यानंतरच्या घरासाठी. बायको गेली तेव्हा मी तो येईल त्याला ऐकवला. पायांवरही तो येईल, हे ध्यानीमनी नव्हतं.

यंदा रोवणी आटोपल्यावर एका सकाळी धानाच्या बांध्यांवरून फिरून आलो. शेती आता ठेक्याने दिली आहे, तरी पाणी किती साचलं ते बघायला मी जातो. नाही गेलो तर दिवसभर करायचं काय? चहा मांडला आणि वळून पाहिलं, तर दारापासून ओट्यापर्यंत फरशीवर लाल डाग. मी आधी मांजरीला शोधलं, तिला काही लागलं म्हणून. रक्त माझंच होतं. चपलेतून बाभळीचा काटा तळव्यात शिरला होता आणि मला पत्ताच नव्हता.

साखरेचा आजार जुनाच आहे, त्याचा धाक केव्हाच गेला होता. गोंदियाच्या डॉक्टरने डोळे मिटायला लावले आणि सांगितलं, टोचलं की हो म्हणा. मी इमानदारीत वाट पाहत बसलो. शेवटी चिडून डोळे उघडले, तर त्याचं दोन्ही पायांना टोचून झालं होतं.

"नस सुन्न हो गयी है, चाचाजी," तो म्हणाला. "घर में किसी को बोलो, रोज तलवे देखे. जखम हुई तो आपको पता नहीं चलेगा, और फिर पैर काटना पड़ता है."

किसी को! मुलगा हैदराबादला. त्याने व्हिडिओ कॉलवर तळवे दाखवायला सांगितलं. मी फोन धरला, त्याला छताचा पंखा दिसला. आम्ही दोघंही हसलो, मग त्याची मीटिंग सुरू झाली. दाढीचा आरसा जमिनीवर ठेवून पाहिला. गुडघा वाकेना, आणि मोतीबिंदूमुळे तळवा कुठला नि फरशी कुठली तेच कळेना. त्या दिवशी आरशापुढे बसून मला फार एकटं वाटलं. स्वतःचा पाय बघायलाही घरात दुसरं माणूस लागतं.

गावात माझं म्हणावं असं एकच माणूस आहे, बहिणीची मुलगी. दोन घरं सोडून तिचं सासर. पण ती भाची. आमच्याकडे मामा भाचीच्या पाया पडतो, भाची मामाच्या नाही. ती पाळण्यात होती तेव्हापासून मी तिच्या पायांना हात लावून कपाळाला लावत आलोय. तिने माझा तळवा हातात घेतला तर ते पाप माझ्या माथी. त्यापेक्षा पाय गेला तरी चालेल, असं मी खरोखरच ठरवलं होतं. ती भाजीचा डबा घेऊन यायची तेव्हा मी मोजे घालून बसायचो. ऐन पावसाळ्यात मोजे!

एक दिवस डबा ठेवता ठेवता ती थांबली.

"मामाजी, मोजे काढा."

"कायले?"

"वास येऊन राहिला. पाय दाखवा."

"भाची होय तू. मले पाप लागंल."

"अन् पाय कापला तं माझ्या पाया पडाले कसे येसान? बसा गुमान."

मी आधी वाकून तिच्या पाया पडलो. मग पाय पाटावर ठेवला. तिने कोमट पाणी आणलं, पदर खोचला आणि समोर मांडी घालून बसली. काट्याची नव्हे, करंगळीच्या बेचक्यात दुसरीच जखम चिघळली होती. "उद्याच गोंदियाले जाऊ," ती म्हणाली आणि धुवायला लागली. मी पाहत होतो म्हणून कळत होतं. बायको गेल्यापासून मला असा कोणी हात लावला नव्हता. डोळे भरून आले, ते तिला दिसू नयेत म्हणून मी मिटून घेतले.

"मामाजी, हात समजून राहिला का?"

तिला वाईट वाटू नये, आणि मलाही. मी म्हणालो, "हाव बाई, समजते ना. गरम हाये तुहा हात."



"हात तं मी कवाचाच काढला जी."

मी डोळे उघडले. तिचे दोन्ही हात तिच्या मांडीवर होते, टॉवेल धरून. पाटावर माझा पाय एकटाच होता.