सनईवर थडग्याचं गाणं

धुळ्याच्या एका कॉलेजात मी जगाचा इतिहास शिकवत होते आणि मुलं माझ्या तासाला झोपत होती. मुलांचा दोष नव्हता. ग्रीस म्हणू नका, रोम म्हणू नका, सगळं मी पुस्तकातून जसंच्या तसं फळ्यावर उतरवून देत असे. ऐंशीच्या दशकाचा शेवट असावा. पुण्याच्या एका मैत्रिणीने परदेशातून आलेली एक कॅसेट आणि काही पानांची झेरॉक्स पाठवली. फार प्राचीन काळचं ग्रीक संगीत कुणी संशोधकांनी पुन्हा जुळवून वाजवलं होतं. त्या लोकांनी शब्दांच्या डोक्यावर बारीक अक्षरं लिहून ठेवली होती, आणि कोणतं अक्षर म्हणजे कोणता सूर याचे जुने तक्ते सापडले होते. गाणारे गेले, ऐकणारे गेले, त्यांचे देवसुद्धा गेले, आणि चाल तेवढी राहिली. मला काय आनंद झाला म्हणून सांगू!

कॅसेट ऐकली आणि हिरमुसले. फार स्वच्छ, फार सभ्य. कुणी बाई तारांच्या वाद्यावर इतकं हळू गात होती, जणू शेजारच्या खोलीत आजारी माणूस झोपलाय. झेरॉक्समध्ये मातीच्या भांड्यांवरची चित्रं होती. त्यातल्या एकात गाल टम्म फुगवून दोन नळ्या एकदम फुंकणारा माणूस होता, गालांवरून पट्टा बांधलेला. हा माणूस असा शेजाऱ्यांची झोप सांभाळून वाजवत असेल? छे! त्या नळ्यांना आपल्या सनईसारखी तोंडाशी फुंकायची पत्ती असायची, असंही लिहिलं होतं. मग मला आबा आठवले.

आबा शिंदखेड्याकडच्या एका खेड्यातले सनईवाले. आमच्या नात्यागोत्यात लग्न म्हटलं की आबाच; माझ्या लग्नातही तेच होते. मांडवात जेवणं उरकली की गंमत म्हणून ते दोन सनया एकदम तोंडात धरत, एकीवर नुसता सूर आणि दुसरीवर गाणं. गालांवर ताण येऊ नये म्हणून उपरण्याचा एक वेढा तोंडाभोवती घेत. ते चित्र दाखवलं तेव्हा आबा खूप हसले. म्हणाले, "हाऊ आमनाच भाऊबंद शे!"

त्या पानांमध्ये चार-पाच गाणी होती. देवांची होती, पण त्यांचे कागद जागोजाग फाटलेले, निम्मे सूर गायब. पहिल्यापासून शेवटपर्यंत धड असं एकच होतं, आणि ते एका थडग्याच्या दगडावर कोरलेलं होतं. कॉलेजच्या कार्यक्रमात आबांकडून वाजवून घ्यायला मी तेच घेतलं. पेटीवर त्याचं सारेगम काढलं आणि रविवारी आबा एसटीने आमच्याकडे येऊ लागले. दोन रविवारांत चाल त्यांच्या बोटांवर बसली. तिसऱ्या रविवारी सनई फडक्यात गुंडाळता गुंडाळता त्यांनी विचारलं, "बाई, हाई गानं देवनं शे ना?"

आता सनई म्हणजे मंगळवाद्य, हे मला कुणी शिकवायला हवं होतं? रस्त्यात प्रेतयात्रा आडवी आली तर आबा सनई पिशवीत घालून पाठमोरे उभे राहत. बायको गेली तेव्हा तेरा दिवस त्यांनी सनईला हात लावला नव्हता. खरं सांगितलं तर हा माणूस वाजवणार नाही, हे मला पक्कं ठाऊक होतं. कार्यक्रम ठरला होता, प्राचार्यांनी बाहेरगावचे पाहुणे बोलावले होते. मी म्हणाले, "हो आबा, देवाचंच." जीभ जराही अडखळली नाही माझी.

आणि वाजवलं मात्र त्यांनी असं! हॉलमध्ये पोरं खिडक्यांत बसली होती, शिट्ट्या मारायच्या तयारीत. दोन सनया एकदम लागल्या आणि सगळे गप्प झाले. कॅसेटमधलं ते मुळमुळीत गाणं हेच, यावर माझाच विश्वास बसेना. कर्कश होतं, रडवेलं होतं, आणि थेट छातीत घुसत होतं. तीनदा वाजवलं त्यांनी. टाळ्या थांबेनात. त्या टाळ्यांनी माझं डोकं फिरलं. माइक ओढून मी सांगितलं की हे गाणं देवळातलं नाही, दरबारातलं नाही. मेलेल्या माणसाच्या थडग्यावरचं आहे. पुन्हा टाळ्या पडल्या. आबा गालांवरचं उपरणं सोडत होते, त्यांचा हात तिथेच थांबला.

बाहेर व्हरांड्यात त्यांनी मला गाठलं. आवाज चढवला नाही. "तुम्ही माले सांगं काबर नही?"

मी काय करावं? माफी मागावी ना? मी भाषण ठोकलं! सूर ते सूर, त्याला कसलं सुतक, तुमच्यासारख्या कलावंताने असलं मनात आणू नये, वगैरे. आबांनी सगळं ऐकून घेतलं. "बठ्ठा गावले समजी आते," एवढंच म्हणाले आणि स्टँडकडे चालायला लागले.

सगळ्या गावाला समजलंच. आमच्या कॉलेजात शिंदखेड्यापासून पिंपळनेरपर्यंतची पोरं होती, आणि घरी सांगायला त्यांना इतकी चमचमीत गोष्ट वर्षभरात मिळाली नव्हती. त्या सनईवर मयताचं गाणं वाजलं म्हणे! लग्नसराई तोंडावर आली, तशी वधूपित्यांनी वाजवायचं ठरवताना ओंजळीत दिलेली सुपारी परत न्यायला सुरुवात केली. कुणी तारीख बदलल्याचं सांगितलं, कुणी मुलाकडच्यांना बँड हवा असल्याचं. एकाने तर खरं कारण तोंडावर सांगितलं. त्याच्यापुढच्या वर्षी सुपारी घेऊन कुणी आलंच नाही. आबांना नवी सनई घ्या म्हणावं तर लोक म्हणत, तोंड तर तेच आहे ना.

मी मनाची समजूत घालत असे, की आता गावोगाव बँड आले, कॅसेटी आल्या, सनई तशीही कोण ऐकतंय. खोटं आहे. बाकीच्या सनईवाल्यांना कामं मिळत होती. बसले ते फक्त आबा.

पाचेक वर्षांनी माझ्या मुलीचं लग्न ठरलं. मी मनाशी पक्कं केलं होतं, आबांनाच बोलवायचं. इतिहासाच्या बाईच्या घरी आबा वाजवतात हे पाहिलं की लोकांची तोंडं बंद होतील. एका लग्नाने त्यांचं गेलेलं सगळं परत येईल. जळगावहून माझी थोरली नणंद आली, आम्ही तिला अक्का म्हणतो. यादी करायला बसलो आणि मी आबांचं नाव घेतलं. अक्काने पेन खाली ठेवलं.

"तुझ्या कॉलेजात काय सिद्ध करायचं ते कर बाई. माझ्या भाचीच्या डोक्यावर अक्षता पडताना ती सनई नको. उद्या पोरीचं काही कमीजास्त झालं, तर तू कुणाला तोंड दाखवशील?"

मी भांडायला तोंड उघडलं. शब्द सगळे तयार होते, तेच व्हरांड्यातले. पण समोर पोर बसली होती, यादीच्या कागदाला लावलेल्या हळदीचा डाग अजून हातावर असलेली. मला भीती वाटली. अक्काने नाही म्हटलं म्हणून, खरं सांगते, मला हायसं वाटलं. जळगावचा दुसरा सनईवाला ठरला.

निदान पत्रिका तरी आपण नेऊन द्यावी, म्हणून मी आबांच्या गावी गेले. मला लांबून पाहिलं तशी त्यांनी घाईघाईने टोपी घातली, हातपाय धुतले. लग्नाची बातमी त्यांना लागली होती. उंबऱ्यावर मी पिशवीत हात घातला, तोवर त्यांनी दोन्ही हातांची ओंजळ पुढे केली होती. मी त्या ओंजळीत हळद-कुंकू लावलेली पत्रिका ठेवली. त्यांनी ती उचलून बघितली, उलटी केली, हलवली. मग माझ्या पायांशी जमिनीवर बघायला लागले.

"सुपारी पडी गई वाटस बाई," ते म्हणाले, "थांबा, सापडी," आणि खाली बसून मातीत हाताने चाचपू लागले.

 मीही खाली बसले आणि त्यांच्याबरोबर शोधू लागले.