वीस तहानलेल्या कुंड्या

वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी मी पीएच.डी.ला नाव घातलं, कारण त्यावाचून कॉलेजातली बढती अडली होती. पाण्याच्या ताणात ज्वारीचं झाड काय करतं, हा विषय. कवठे महांकाळला मी निवृत्त सुभेदारांकडे भाड्याने राहत होतो. त्यांच्या अंगणात चाळीस कुंड्या मांडल्या. वीस कुंड्यांना रोज पाणी, उरलेल्या विसांना वीस दिवस थेंबही नाही. मधूनमधून पानांच्या चकत्या कापून त्यांत किती पाणी उरलं ते मोजायचं.

कोरड्या कुंड्यांना कुणी पाणी घालू नये म्हणून मी सुभेदारांना लक्ष ठेवायला सांगितलं. त्यांनी ते फारच मनावर घेतलं. काठी घेऊन खुर्ची टाकून बसायचे. मी कॉलेजातून आलो की उठून उभे राहायचे आणि सांगायचे, "चाळीस हाजिर. सतरा नंबर जरा बीमार हाय." एकदा आभाळ आलं तर त्यांनी कोरड्या ओळीवर स्वतःची फौजेतली बरसाती ताणली.

दहाव्या दिवशीही कोरड्या कुंड्यांतली पानं हिरवी आणि ताठ. एरवी ज्वारी तहानली की पानाची सुरळी होते. सांगलीच्या माझ्या मार्गदर्शकांना फोन केला, तर ते हरखलेच. म्हणाले, "अहो, हे वाण दुष्काळाला जुमानत नाही की काय? सोमवारी येतोच बघायला."

मला कबूल करायचं आहे ते इथे. शनिवारी मी सात नंबरच्या कुंडीत बोट खुपसलं. ओलं निघालं. मी ते विजारीला पुसलं आणि वहीत लिहिलं: माती कोरडी. सुभेदारांच्या पत्नी, काकी, समोर ओसरीवर तांदूळ निवडत होत्या. त्यांनी पाहिलं का, हे बघायचं मी टाळलं. रविवारीही तेच लिहिलं.

सोमवारी सर आले आणि त्यांनीही पहिलं काम तेच केलं, कुंडीत बोट घातलं.

"हे पाणी कोण घालतंय?"

सुभेदार सावधान उभे राहिले. "साब, ड्यूटीवर मी हुतो. परिंदासुद्धा आला न्हाई."

काकींनी चहाचा ट्रे खाली ठेवला. "मी घालती. ह्ये आंगोळीला गेलं की तांब्या तांब्या घालती."

"पण का?"

"आवं, एका वळीला पाजायचं आन् शेजारच्या वळीला नुसतं बघत ठेवायचं? पंगतीत आसं कुणी करतं व्हय?"

"आगं, हुकूम हुता," सुभेदार म्हणाले.

"तुमाला हुता. मला कुणी दिलाय?"

सर माझ्याकडे वळले. "तुम्हाला हे कधी कळलं?"

"आत्ताच, सर."

काकींनी एकदा माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "व्हय, आमच्या ह्या सरास्नी काय ठावं न्हाई. माजीच चूक."

प्रयोग पुन्हा पहिल्यापासून करायचा ठरला. कोरडे दिवस सुरू झाले तशा काकी लेकीकडे विट्याला निघून गेल्या. "मला बगवायचं न्हाई," एवढंच म्हणाल्या. या खेपेला पानांच्या सुरळ्या झाल्या, कडा करपल्या. विसाव्या दिवशी सुभेदारांनी अहवाल दिला, "वीस हाजिर, वीस शहीद." आकडे इतके स्वच्छ आले की सरांनी शाबासकी दिली. पुढे त्याच आकड्यांवर मला पदवी मिळाली, बढतीही.

काकी परत आल्या त्या दिवशी पिशवी हातात घेऊनच कुंड्यांपाशी थांबल्या.

"झालं तुमचं?"

"झालं."

"मग आता घालू पानी?"

"काकी, मेलीत ती."

"ते दिसतंय मला."

त्यांनी तांब्या घेतला आणि एकेका वाळक्या धाटाच्या बुडाशी पाणी घालू लागल्या. सुभेदार काठी टाकून बाजूला झाले. मी बादल्या आणून देत होतो. मला शनिवारपासूनच ठाऊक होतं, हे तेव्हा तरी काकींना सांगायला हवं होतं. तिसरी बादली खाली ठेवताना मी तोंड उघडलंही, आणि विचारलं, "एवढी पुरे का?"