व्हर्जिल स्टॅम्परची पट्टी

ब्रशी फोर्कच्या खोऱ्यात कुणी स्वस्तातलं पिस्तूल घेतलं, की ते आधी व्हर्जिल स्टॅम्परकडे यायचं. दुकानदार काहीही सांगो, खोक्यावर व्हर्जिलची चिकटपट्टी लागल्याशिवाय लोकांचा जीव भांड्यात पडत नसे. पांढऱ्या पट्टीवर जाड पेनाने 'चालतं' किंवा 'चालत नाही', एवढंच लिहिलेलं असायचं. व्हर्जिलने चौतीस वर्षं कोळशाच्या खाणीत यंत्रं दुरुस्त केली होती, आणि जमिनीखाली यंत्र अडलं की माणसं मरतात हे डोळ्यांनी पाहिलं होतं. स्वस्त वस्तूचा त्याला राग नव्हता. ऐन वेळी अडणाऱ्या वस्तूचा होता.

त्याची पद्धत सगळ्या खोऱ्याला पाठ होती. घरामागे, खाणवाल्यांनी कापून सोडलेल्या कड्याच्या पायथ्याशी, एक फळ्यांचं टेबल होतं. टेबलावर दोन डबे, आणि एका डब्यात सुक्या घेवड्याचे वीस दाणे. दहा गोळ्यांचं एक मॅगझिन रिकामं झालं की एक दाणा दुसऱ्या डब्यात जायचा. दोनशे गोळ्यांत पिस्तूल एकदा जरी अडलं, तरी 'चालत नाही', मग मालकाने कितीही मनधरणी करो. दोनशे सुरळीत गेल्या की तो ते कमरेला खोचून दिवसभर लाकडं फोडायचा. टोचतं का, शर्टावरून दिसतं का, घामाने गंजतं का, सगळं बघायचा. त्याची बायको जूनी म्हणायची, या माणसाने जितकी परकी पिस्तुलं कमरेला लावली तितके स्वतःचे शर्ट घातले नाहीत.

वीस-बावीस वर्षांत आपली पट्टी एकदाही खोटी ठरली नाही, असं तो सांगायचा. आणि खरंच, कुणी तक्रार घेऊन आलं नव्हतं. त्याला आपल्या पट्टीचा अभिमान होता, आणि तो लपवण्याचे कष्ट त्याने कधी घेतले नाहीत.

ऑक्टोबरातल्या एका गुरुवारी दुपारी नेडा कॉम्ब्स आपलं पिस्तूल न्यायला आली. नेडा पस्तिशीची, घरोघर जाऊन अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्यांना आंघोळ घालणारी, औषधं देणारी. खोऱ्यातल्या निम्म्या म्हाताऱ्यांचा जीव तिच्यावर होता. तिचा घटस्फोटित नवरा डार्विन तिला मारहाण केल्याबद्दल दोन वर्षं तुरुंगात होता, हेही सगळ्यांना माहीत होतं. तो शुक्रवारी दुपारी बाराला सुटणार होता.

"कोर्टाचा कागद आहे माझ्याकडे, त्याने जवळ यायचं नाही असा," ती म्हणाली. "पण शेरीफच्या पोलिसाला माझ्या घरी पोचायला चाळीस मिनिटं लागतात."

पिस्तूल दुकानातलं सगळ्यात स्वस्त, तळहाताएवढं होतं. व्हर्जिलने मंगळवारीच त्यातून दोनशे गोळ्या झाडल्या होत्या. एकदाही अडलं नव्हतं. किमतीच्या मानाने खोड काढायला जागा नाही, घोडा थोडा खरखरीत आहे पण गोळी सांगितल्या जागी जाते, असं त्याने तिला खुशीत सांगितलं आणि पट्टी लावलेलं खोकं पुढे केलं. नेडा म्हणाली, मी एकदा चालवून बघते. चारला तिला एका म्हातारीला इन्सुलिन द्यायला जायचं होतं. तेव्हा दीड वाजला होता.

सात पावलांवर कागद लावला. स्वयंपाकघराच्या दारापासून चुलीपर्यंत तेवढंच अंतर असतं. तिने पहिली गोळी झाडली, ती कागदाच्या कडेला लागली. दुसऱ्यांदा घोडा ओढला तर काहीच झालं नाही. पहिल्या गोळीचं रिकामं काडतूस बाहेर न पडता पिस्तुलाच्या वरच्या सरकत्या भागाच्या, म्हणजे स्लाइडच्या, तोंडात उभं अडकलं होतं.

व्हर्जिलने भुवया उडवल्या. पिस्तूल घेऊन ते मोकळं केलं आणि स्वतः उरलेल्या गोळ्या झाडल्या. सगळ्या गेल्या. पुन्हा भरून तिच्या हातात दिलं. तिसऱ्या गोळीला परत अडलं.

आता तपासलेलं पिस्तूल दुसऱ्याच्या हातात असं अडलं की त्या टेबलाशी काय म्हणायचं हे ठरलेलं होतं. झाडताना स्लाइड जोरात मागे जाते, रिकामं काडतूस फेकते आणि पुढची गोळी उचलते. पण त्या वेळी हात भक्कम हवा. हात मागे सरकला तर स्लाइडचा जोर वाया जातो, आणि लहान, हलक्या पिस्तुलात तर हमखास. त्यामुळे दोष कधी पिस्तुलाचा नसायचा, हाताचा असायचा. मग झाडणाऱ्याला टोमणा बसायचा, उभे असलेले हसायचे, तो लाल व्हायचा आणि पुढच्या वेळी घट्ट धरायचा. व्हर्जिलच्या तोंडून तो टोमणा सवयीने निघून गेला.

"मनगट मेणाचं आहे का गं पोरी? आवळून धर."

नेडाने आवळून धरलं. तिच्या मानेच्या शिरा ताठ झाल्या. पहिल्याच गोळीला अडलं. तिने पिस्तूल टेबलावर ठेवलं, तोंड कड्याच्या बाजूला करून, नीट. मग कोटाची उजवी बाही कोपरापर्यंत वर केली. मनगटापासून वर एक लांब, गुलाबी वण होता.

"मेणाचं नाही, व्हर्जिलकाका, लोखंडाचं आहे," ती म्हणाली. "दोन पट्ट्या आणि सात स्क्रू. डार्विनने दाराच्या चौकटीत हात धरला आणि दार लावलं. यापेक्षा जास्त आवळता येत नाही."

व्हर्जिलला तोंड कुठे लपवावं कळेना. ज्या माणसापासून वाचायला तिला पिस्तूल हवं होतं, त्यानेच ते तिच्या हातात न चालण्याची सोय करून ठेवली होती. आणि आपण खोक्यावर 'चालतं' लिहून मोकळे. कुणाच्या हातात, हा प्रश्न इतक्या वर्षांत त्याला पडलाच नव्हता. त्याच्या हाताची पकड शिकंज्यासारखी, आणि त्या शिकंज्याने त्याने बायाबापड्यांची पिस्तुलं तपासली होती. त्याला स्वतःची शरम वाटली, आणि शरम वाटली की तो कामाला लागायचा.

आधी त्याने जास्त जोराच्या गोळ्या आणून बघितल्या. दोन गेल्या, तिसरी अडली. मग घरातून आपलं जुनं रिव्हॉल्व्हर आणलं. त्याला स्लाइड नाही, अडायचा प्रश्न नाही. पण त्याचा घोडा इतका जड की नेडाच्या उजव्या बोटाने तो ओढवेना, आणि जोर लावून ओढला तेव्हा नळी खाली गेली आणि गोळी पायांपुढे धुळीत घुसली. सव्वादोन झाले होते. नेडा घड्याळाकडे बघत नव्हती, पण तिचा श्वास जलद झाला होता.

"राहू द्या काका," ती म्हणाली. "मी दाराला कपाट लावीन."

"ती तुझी ओव्हरबीची आजी वजनाने दोनशे पौंड आहे," व्हर्जिल एकदम म्हणाला. "तिला पलंगावरून उचलतेस कुठल्या हाताने?"

नेडा क्षणभर गोंधळली. "डाव्या. दोन वर्षं सगळ्यांना डाव्यानेच उचलते."

"मग डाव्यात धर."

त्याने वीसच्या वीस दाणे पहिल्या डब्यात परत टाकले आणि आपल्या कपाटातल्या गोळ्यांचे चार खोके आणून टेबलावर ठेवले. मॅगझिन तो भरून देणार, झाडायचं फक्त तिने. तो पिस्तुलाला हातही लावणार नव्हता.

पहिलं मॅगझिन वेडंवाकडं गेलं. डाव्या डोळ्याने नेम धरायची सवय नव्हती, आणि उजवीकडे उडणारी गरम काडतुसं तिच्या तोंडासमोरून जात होती. एक कॉलरमध्ये पडलं. तिने मान झटकली, पण हात हलू दिला नाही. दहा गोळ्या गेल्या आणि व्हर्जिलने एक दाणा पलीकडे टाकला. दुसरा दाणा. पाचवा. कागदावरची भोकं हळूहळू एका ताटलीएवढ्या जागेत जमू लागली. प्रत्येक आवाजानंतर व्हर्जिल स्लाइडच्या तोंडाकडे बघायचा, आणि ते मिटलेलं दिसलं की श्वास सोडायचा.

चौदाव्या दाण्याला तिचा हात थरथरायला लागला. थोडं थांबू का, असं तिने विचारलं. तो नको म्हणाला. दिवसभर म्हाताऱ्यांना उचलून घरी येशील तेव्हा हात असाच थकलेला असेल, आता अडायचं तर अडू दे, माझ्यासमोर अडू दे. ती ओठ आवळून उभी राहिली. सतरा. अठरा. विसाव्या दाण्याच्या सातव्या गोळीला ती थांबली, कपाळावरचा घाम खांद्याला पुसला आणि पुन्हा हात वर केला. आठ, नऊ, दहा.

शेवटचा दाणा डब्यात पडला तेव्हा सव्वातीन झाले होते. व्हर्जिलने खोक्यावरची जुनी पट्टी नखाने खरवडून काढली. नवीन लावली आणि लिहिलं, 'नेडाच्या डाव्या हातात चालतं. उजव्यात नाही.' मग घोडा झाकेल असं कडक म्यान त्याने तिच्या कोटाच्या डाव्या खिशात बसवलं. त्या खिशातल्या किल्ल्या, औषधाच्या गोळ्यांची पुडी, रुमाल, सगळं उजव्या खिशात हलवायला लावलं. रिकामं पिस्तूल तिने दहा वेळा खिशातून काढलं आणि दहा वेळा ठेवलं. वरून काही दिसत नव्हतं. ती इन्सुलिन द्यायला निघून गेली.

संध्याकाळी जूनीने घेवड्याची आमटी आणि मक्याची भाकरी वाढली. व्हर्जिलने भाकरी मोडून तशीच ठेवली. शेवटी त्याने तिला विचारलं, तुझं पिस्तूल कुठे आहे? ते तिच्या पलंगाजवळच्या खणात होतं, खोक्यावर पिवळी पडलेली पट्टी, 'चालतं'. तिने ते कधी झाडलंच नव्हतं. नवऱ्याने तपासलंय म्हटल्यावर झाडायचं कशाला? उजेड होता तोवर तो तिला टेबलाशी घेऊन गेला. संधिवाताने वाकडी झालेली बोटं तिने पिस्तुलाभोवती गुंडाळली. पहिली गोळी गेली. दुसऱ्यांदा घोडा ओढला तेव्हा स्लाइडच्या तोंडात रिकामं काडतूस उभं होतं.

जूनीने आधी त्या काडतुसाकडे आणि मग त्याच्याकडे पाहिलं.

"तू दुसऱ्या पाळीला खाणीत असायचास," ती म्हणाली, "तेव्हा मी हे उशाशी घेऊन झोपायचे."

त्याने पिस्तूल तिच्या हातातून घेऊन मोकळं केलं. आत आल्यावर तिने विचारलं, अशा किती जणींना पट्टी दिलीस? व्हर्जिलने मूठभर दाणे घेतले आणि एकेक नाव आठवत टेबलावर मांडत गेला. अकरा झाले.

शुक्रवारी बारा वाजले, एक वाजला. व्हर्जिल फोनशेजारी बसून होता. तीनदा फोन उचलून त्याने परत ठेवला, तिची लाइन अडायला नको म्हणून. पावणेदोनला फोन वाजला.

"आला होता," नेडा म्हणाली. तिचा आवाज सपाट होता. "पायऱ्यांपर्यंत आला. माझ्या उजव्या हाताकडे बघून हसला, अजून दुखतो का म्हणाला. मग त्याला माझा डावा हात दिसला."

"झाडलीस?"

"नाही. तो बराच वेळ त्या हाताकडे बघत राहिला. मग मागे मागे गेला, ट्रकमध्ये बसला आणि गेला. शेरीफचा माणूस आत्ता पोचलाय. माझा हात अजून खाली येत नाहीये, काका."

"येईल," व्हर्जिल म्हणाला. "बोट घोड्यापासून बाजूला घे. आता म्यानात ठेव. हळू."

तिने ठेवलं असं सांगेपर्यंत तो कानाला फोन लावून बसला. मग त्याने फोन खाली ठेवला. जूनीने कॉफीचा कप त्याच्यापुढे ठेवला आणि काल मांडलेल्या दाण्यांतला पहिला बोटाने पुढे सरकवला. तो एडिथ नेपियरचा होता. एडिथ त्र्याऐंशी वर्षांची, खोऱ्याच्या अगदी टोकाला एकटी राहणारी, आणि सात वर्षं त्याच्या पट्टीवर विसंबून असलेली.

त्याने नंबर फिरवला.

"एडिथ, मी व्हर्जिल स्टॅम्पर," तो म्हणाला. "तुझ्या खोक्यावरची माझी पट्टी काढून टाक. मी येतोय. तुझा हात बघायचाय मला."