मागच्या सीटचं माप

कामशेतातून पवनानगरच्या रस्त्याला लागलं की डाव्या हाताला एक पत्र्याची शेड आहे. शेडबाहेर मोटरसायकलींच्या उघड्या सीटा ओळीने मांडलेल्या असतात आणि आत शिलाईच्या पायमशीनवर सविताताई बसलेली असते. जुन्या धाटणीच्या गाड्यांचं वेड असणाऱ्या लोकांत तिचं नाव मोठं आहे. पुण्याहून पोरं येतात, मोबाइलमधले फोटो दाखवतात, अशी चपटी हवी, तशी पातळ हवी म्हणतात. ती फोटोकडे ढुंकूनही बघत नाही. तिचा पहिला प्रश्न ठरलेला असतो.

"मागं कोण बसतं?"

जे कोणी मागे बसत असेल, त्याला समोर आणल्याशिवाय सविताताई सीटला कात्री लावत नाही. बायको असेल तर बायको, आई असेल तर आई. एका बहाद्दराने बायकोला पत्ता लागू नये म्हणून बहिणीला आणलं होतं. ताईने तिला दोनच प्रश्न विचारले आणि भावाबहिणीला चहा पाजून परत पाठवलं.

हा नियम ती स्वतःच्या अंगावरून शिकली आहे. लग्नाच्या वर्षी तिच्या नवऱ्याने, भिमाजीने, एक जुनी बुलेट घेतली आणि हौसेने तिला लोणावळ्याला नेलं. मागची सीट म्हणजे लोखंडावर चार बोटं काथ्या. घरी आल्यावर ती दोन दिवस उभ्यानेच जेवली आणि सासूला सांगितलं की उपास आहे, खाली बसून जेवायचं नाही. असला उपास सासूने कधी ऐकला नव्हता, पण तिने मानला. ताईच्या माहेरी शर्यतीच्या बैलांच्या झुली शिवायचे, त्यामुळे दाभण हातात होताच. तिसऱ्या दिवशी तिने एका जुन्या झुलीत कापूस कोंबला आणि स्वतःची सीट स्वतः शिवली. भिमाजीच्या मित्रांनी ती पाहिली आणि धंदा तिथून सुरू झाला. भिमाजी आता तिच्या हाताखाली फोम कापतो आणि मापात चुकला की बोलणी खातो.

मी तिच्याकडे गेलो तो तोऱ्यात. बँकेतून निवृत्त झालो आणि पुढच्याच आठवड्यात गोल दिव्याची, जुन्या धाटणीची नवी गाडी घेतली. ज्याला हे वेड नाही त्याला ते समजावून सांगण्यात अर्थ नाही. टाकीवर मी हाताने सोनेरी रेघा मारून घेतल्या, गोल आरसे बसवले, चामड्याच्या पिशव्या लावल्या, आणि पुण्यातून एक उंच, मागे वळलेलं हँडल आणलं. त्या हँडलवर हात ठेवून मी आमच्या घोरावाडी स्टेशनपासून बाजारापर्यंत जायचो तेव्हा भाजीवाल्याही मान वर करून बघायच्या. समोरून तशीच गाडी आली की आम्ही एकमेकांना हात करायचो. एखाद्याने हात केला नाही तर माझा दिवस खराब जायचा.

या सगळ्यात एकच खोट होती. माझी बायको उज्ज्वला मागे बसत नव्हती. एकदा बसली, लोणावळ्यापर्यंत जाऊन आलो, दारात उतरली आणि शांतपणे म्हणाली, "आता तुम्ही एकटेच जात जा." मी कारण विचारलं नाही. तिला हौस नाही, तिला वारा सोसत नाही, असं मीच चारचौघांत सांगत सुटलो. खरं तर मला ते लागलं होतं. तीस वर्षं बँक आणि घर करताना मी मनात एकच चित्र धरून होतो: निवृत्तीनंतर एक गाडी, मागे उज्ज्वला, आणि घाईने कुठे पोचायचं नाही. त्यातली गाडी आली होती. मग रागारागात ठरवलं की मागची सीटच काढून टाकायची आणि स्प्रिंगवाली एकट्याची सीट बसवायची.

"मागं कोण बसतं?" सविताताईने विचारलं.

"कुणी नाही."

"बसत न्हाई, का तुमी बसवत न्हाई?"

"बायकोला आवडत नाही."

"त्यांनी सांगितलं का तुमीच म्हणताय?" ताईने मशीन थांबवलं. "भाऊ, त्यांना घेऊन या. त्या माज्यासमोर न्हाई म्हणाल्या की एकट्याची शिवून देते."

मला राग आला. गाडी माझी, सीट माझी आणि परवानगी बायकोची, हा कुठला न्याय? पण अशी सीट दुसरं कोणी शिवत नाही, हेही खरं होतं. चार दिवसांनी आम्ही कामशेतला गेलो. मी गाडीवर, उज्ज्वला लोकलने. स्टेशनवरून ती शेडपर्यंत चालत आली आणि आल्या आल्या दोघी बायका एकमेकींकडे बघून हसल्या. मला ते हसणं काही बरं वाटलं नाही.

ताईची माप घ्यायची रीत वेगळी आहे. ती टेप लावत नाही. भाताचं तूस अर्धवट भरलेली एक लांबट गोणी तिच्याकडे असते. सीट उतरवायची, त्या जागी ही गोणी बांधायची, दोघांनी बसायचं आणि बेडसे फाट्यापर्यंत जाऊन यायचं. उतरताना गोणीला हात लावायचा नाही. तुसात कोण कसं बसलं होतं ते उमटतं आणि ताई ते वाचते.

उज्ज्वला बसायला तयार होईना. "फाट्यापर्यंतच," ताई म्हणाली. "हितनं हितं." तेव्हा कुठे ती बसली.

परत आल्यावर ताईने गोणीवर वाकून बघितलं. भिमाजीला बोलावलं. त्यानेही वाकून बघितलं आणि तो फोम कापायला निघून गेला, म्हणजे मामला गंभीर होता.

"भाऊ, ह्यो खड्डा तुमचा," ताई म्हणाली. पुढचा खड्डा चांगला ऐसपैस होता आणि अर्ध्याच्या पलीकडे मागे गेला होता. "आन् ह्या ताईंचा खड्डा हितं हायच न्हाई. त्या गोणीवर बसल्याच न्हाईत. मागल्या लोखंडी कॅरेजवर बसल्यात."

"मी काय इतका जाडा आहे?"

"जाडीचं न्हाई. तुमचं हँडल मागं वळलंय. ते धरायला तुमी मागं सरकताय. जितकं तुमी मागं, तितक्या त्या मागं. लोणावळ्याला जाऊन आलता म्हणता ना? त्या लोखंडावर बसून गेल्यात, लोखंडावर बसून आल्यात."

मी उज्ज्वलाकडे बघितलं. ती पदराचं टोक नीट करत होती.

"मग सांगितलं का नाहीस?"

"काय सांगणार," ती म्हणाली. "तुम्ही इतके खूश होतात. हँडल कसं दिसतंय म्हणून दर दोन मिनिटांनी विचारत होतात. मी म्हटलं, छान दिसतंय."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. बँकेत मी लोकांच्या सह्या ताडून बघत आयुष्य काढलं, बारीकसा फरक माझ्या नजरेतून सुटायचा नाही. आणि माझ्या पाठीमागे हातभर अंतरावर बाई साठ किलोमीटर लोखंडावर बसून होती, ते मला दिसलं नाही. वर मी तिलाच नाजूक ठरवून मोकळा झालो.

"हँडल काढायचं," ताईने निकाल दिला. "मूळचं हाय का घरी?"

मूळचं हँडल माळ्यावर होतं. ते बुटकं आणि सरळ होतं आणि ते धरून बसलं की माणूस पोस्टमनसारखा दिसतो. मी थोडी घासाघीस करून बघितली. हँडल राहू दे, सीट लांब करा. हँडल राहू दे, कॅरेजवर उशी लावा. ताई नुसती ऐकत राहिली. शेवटी मीच दमलो आणि दुसऱ्या दिवशी हँडल घेऊन आलो. भिमाजीने वळलेलं काढून मूळचं बसवेपर्यंत मी बाहेर रस्त्याकडे तोंड करून उभा होतो. पुण्यातलं हँडल त्याने पोत्यात गुंडाळून माझ्या हातात दिलं आणि हळूच म्हणाला, "लय देखणं होतं, भाऊ." त्या माणसाला माझं दुःख कळलं होतं.

पुढच्या रविवारी सीट तयार झाली. साधी, तपकिरी, मागच्या बाजूला बोटभर उंच. उज्ज्वला पुन्हा लोकलने आली. "पयल्यांदा फाट्यापर्यंत जाऊन या," ताई म्हणाली. "मंग मी ताईंना इचारणार, तुमाला न्हाई."

भात निघून गेलेली खाचरं दोन्ही बाजूंना उन्हात पडली होती. बेडसे फाटा आला तसा मी वळायला गाडी हळू केली.

"सरळ घ्या," उज्ज्वला म्हणाली.

मी सरळ घेतली. पवनानगर आलं. मी पुन्हा हळू केली.

"सरळच घ्या."

धरण मागे पडलं, पाण्याच्या कडेकडेने रस्ता वर चढू लागला. तिचा हात माझ्या खांद्यावर होता. गाडी चढाला लागली की ती हात घट्ट करायची, उतारावर सैल सोडायची. समोरून माझ्यासारखीच गाडी आली, त्याने हात केला. मी हँडलवरून हात काढायच्या आत उज्ज्वलाने त्याला हात केला. दुधिवरे खिंड ओलांडून आम्ही लोणावळ्यात पोचलो तेव्हा दीड तास होऊन गेला होता. भजी सांगितली आणि माझा फोन वाजला.

"कुटं हाय तुमी?" सविताताई ओरडत होती. "फाट्यापर्यंत जा म्हनलं होतं. सीट पक्की न्हाई बसवलेली, नुसते दाभणाचे चार टाके घातल्यात. ताईंना धरून बसायला सांगा, आन् आल्या पावली माघारी फिरा."

मी घाबरून फोन उज्ज्वलाकडे दिला. तिने सगळं नीट ऐकून घेतलं. भज्याचा तुकडा तोंडात होता, तो गिळला.

"सविताताई," ती म्हणाली, "मी यांना धरूनच बसले आहे. आम्ही उद्या आलो तर चालेल का?"