शिऱ्याखालचा एकाक्ष

गाणं लागलं की बबन शिगवण गायकाकडे लक्षच देत नसे. दोन कडव्यांमधला वाद्यांचा तुकडा तेवढा गुणगुणायचा. सिनेमा संपल्यावर पडद्यावरची सगळी नावं वर सरकून जाईपर्यंत खुर्ची सोडायचा नाही. डोअरकीपर कंटाळून दाराला टेकून उभा राहायचा. कॉमिक्स उघडण्याआधी हात धुवायचा आणि ते वाळेपर्यंत थांबायचा. बोटाला थुंकी लावून पान उलटणाऱ्याच्या हातातून पुस्तक काढून घ्यायचा. मालिका मधूनच कुणाला द्यायचा नाही. आधीचे भाग वाचलेत की नाही, याची तोंडी परीक्षा घ्यायचा.

नीरज त्या परीक्षेला बसला होता. भाईंदर पश्चिमेला, मोरव्याच्या रस्त्यावर बबनच्याच इमारतीत राहणारा. मराठी घेऊन एम.ए. झालेला, नोकरीच्या शोधात. बबनपेक्षा बराच लहान, म्हणून त्याला दादा म्हणणारा. एका डोळ्याच्या हेराची, एकाक्षची मालिका तो वाचत आला होता. उरला होता फक्त शेवटचा भाग. छापणारी कंपनी कधीच बंद पडली होती. बबनने तो भाग वर्षानुवर्षं रद्दीच्या दुकानांत हुडकून मिळवला होता.

"सव्वीस जानेवारीला देतो," बबन म्हणाला. "सुट्टी आहे. माझ्यासमोर बसून वाचायचा. घरी न्यायचा नाही."

घरात जागा नव्हती, म्हणून कॉमिक्सची पत्र्याची पेटी तळमजल्यावर मीटरच्या खोलीत असायची. तिला कुलूप नव्हतं. कुलूप घातलं तर आत काही किमती आहे असं लोकांना वाटेल, असा बबनचा हिशोब.

सव्वीस जानेवारीला इमारतीत सत्यनारायण असतो. झेंडा सकाळी, पूजा दुपारी. दोघं सिनेमाच्या सकाळच्या खेळाला गेले होते. परतले तेव्हा आरती आटपली होती, स्पीकरवर गाणी लागली होती आणि सुचेताकाकू टेबलामागे उभ्या राहून प्रसाद वाटत होत्या.

"घ्या, घ्या, गरम आहे."

नीरजच्या तळहातावर शिरा पडला. खाली कागद होता. तुपाने कागद पारदर्शक होत गेला आणि शिऱ्याच्या कडेने एक डोळा वर बघू लागला. डोळ्यावरून जखमेची तिरपी रेघ.

नीरजने बबनकडे पाहिलं. बबनच्या हातावर एकाक्षचंच आणखी एक पान होतं. त्याने सावकाश शिरा संपवला. प्रसाद टाकायचा नसतो. मग बोटं रुमालाला पुसली, कागद उलगडला आणि विचारलं, "काकू, हे कुठून आणलंत?"

"अरे, द्रोण कमी पडले. वर्तमानपत्राची शाई लागते शिऱ्याला. मीटरच्या खोलीत ही रद्दी सापडली. काय स्वच्छ रे! एक डाग नाही. मी म्हटलं, देवाच्या कामाला असाच कागद हवा."

"रद्दी?"

"बबन, आवाज खाली," सेक्रेटरी महिपतकाका मध्ये पडले. "कॉमिक्सच ना ती? दोन पोरांचा बाप तू. शोभतं का?"

"तुमच्या घरातले देव रद्दीत घातले तर शोभेल?"

"अरे, देवाच्या कारणी लागली ना!"

"देवाला वाचायला दिली असती तर मी काही बोललो नसतो, काका!"

पहिल्या मजल्यावरचे शहाभाई हसत म्हणाले, "बबनभाई, टेन्शन मत लो. नया ला देंगे."

"कहाँ से लाओगे? बोलो ना, कहाँ से?"

शहाभाईंचं हसू विरलं. स्पीकर मात्र चालूच. बबनने जाऊन त्याची वायर उपटली. मग तो दारोदार गेला. मागून नीरज. घराघरांत एकच उत्तर. प्रसादाचा कागद कचऱ्यात कसा टाकायचा? निर्माल्याच्या पोत्यात टाकला. आणि ते पोतं महिपतकाकांचा मुलगा स्कूटरवरून नेऊन खाडीत सोडून आला होता. केवढी ती श्रद्धा! नीरजला त्या श्रद्धेच्या थोबाडीत मारावंसं वाटलं.

पेटीत तळाचे काही अंक बचावले होते. एकाक्षचा शेवटचा भाग वरच ठेवलेला, नीरजसाठी काढून. त्याची दोघांच्या हातातली तुपकट पानं सोडली तर फक्त मुखपृष्ठ उरलं. जाड होतं, शिऱ्याला वळेना.

पुढच्या रविवारपासून बबन गेलेली पानं आठवून काढू लागला. दात-ओठ खात काढायचा. पेन्सिलीची टोकं मोडायची. हात चांगला नव्हता, पण चौकटी जागच्या जागी होत्या. नीरज समोर बसून पान पुरं झालं की वाचायचा. गोष्ट शेवटाला आली. पुलावर एकाक्ष आणि त्याला शत्रूच्या हाती विकणारा भाऊ समोरासमोर. एकाक्ष तोंड उघडतो.

तिथे पेन्सिल थांबली.

"काय म्हणतो तो?" नीरजने विचारलं.

"आठवत नाही."

"मग तूच घाल ना काहीतरी, दादा. तुझ्याइतकं त्याला कोण ओळखतं?"

बबनने पेन्सिल भिंतीवर फेकली. "काहीतरी? एवढं शिकून तूही काहीतरीच म्हणतोस? होतं तेच हवं मला! काहीतरी त्यांनीही केलंच ना, कागद हवा होता म्हणून?"

पुढच्या सव्वीस जानेवारीला सुचेताकाकूंनी स्टीलच्या वाट्या आणल्या, बबनच्या दारापर्यंत स्वतः वाटी घेऊन आल्या. त्याने दार उघडलं नाही. आत टेबलावर तो कागद अजून टाचण्यांनी लावलेला आहे. पूल आहे, भाऊ आहे, एकाक्षचं तोंड उघडं आहे. त्याच्या डोक्यावरचा बोलण्याचा फुगा कोरा.